प्लेलिस्ट भाड्याची, आवाज घरचा

रेसो आठवतंय का? आपल्यातल्या कित्येकांच्या फोनमध्ये ते ॲप होतं. गाण्याखाली कमेंट टाकायच्या, मित्रांच्या कमेंट वाचायच्या, रात्र रात्र प्लेलिस्ट लावत बसायचं. ३१ जानेवारी २०२४ ला भारतातलं रेसो बंद झालं. त्याच वर्षी विंक म्युझिकनंही गाशा गुंडाळला. त्याआधी मार्च २०२३ मध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिक यांचा करार जमला नाही, तेव्हा एका रात्रीत शेकडो गाणी करडी झाली. नाव दिसतंय, पण दाबलं तर वाजत नाही. नंतर ती परत आली, आपण विसरून गेलो.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? एक ॲप गेलं, दुसरं टाकलं. खरंय. पण जरा थांबून विचार करा. तुमच्या आवडीची दोनशे गाणी आहेत असं तुम्ही सांगता, त्यातलं एक तरी तुमचं आहे का? दर महिन्याला पैसे भरता तोवर ऐकायची परवानगी आहे, बस्स. खोली भाड्याची असेल तर भिंतीला खिळा ठोकतानाही मालकाला विचारावं लागतं. आपल्या कानांचं तसंच झालंय.

आज मला तुमच्यासमोर एक जरा विचित्र वाटेल असा आग्रह धरायचा आहे. घरातल्या जुन्या डिस्क आणि कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायला शिका. आणि तेवढ्यावर थांबू नका, आपल्या गावाचा आवाज नीट, चारी बाजूंनी रेकॉर्ड करून त्याची स्वतःची डिस्क बनवा. पहिल्या कामाला रिपिंग म्हणतात, दुसऱ्याला ऑथरिंग. दोन्ही कामं अकलूजमध्ये, आपल्या पलंगावर बसून, साध्या लॅपटॉपवर होतात. आणि ती करण्याची वेळ आत्ताच आहे.

कॅसेट भरून मिळेल

'रिपिंग' शब्द ऐकला की पोरांना वाटतं, हे काहीतरी हॅकरचं काम. तसं काही नाही. आपल्या आई-वडिलांच्या तरुणपणी गावोगावच्या बाजारात कॅसेटची दुकानं असायची आणि तिथं पाटी असायची, 'कॅसेट भरून मिळेल'. तुम्ही वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, कोरी कॅसेट द्यायची, दुकानदार दोन दिवसांनी भरून द्यायचा. ए बाजूला कुठलं गाणं, बी बाजूला कुठलं, शेवटी तीन मिनिटं उरली तर तिथं काय बसवायचं, हा सगळा विचार त्यात असायचा. ऑथरिंग म्हणजे याहून वेगळं काही नाही. आवाज गोळा करायचा, क्रम लावायचा, आणि तो अशा रूपात लिहायचा की दुसऱ्याच्या मशीनवरही नीट वाजेल.

त्या पिढीनं भरून घेतलेल्या कॅसेट अजून घरात आहेत. माळ्यावर, लोखंडी पेटीत, शोकेसच्या खालच्या कप्प्यात. काहींवर तमाशाचे वग आहेत, काहींवर कीर्तनं, काहींवर आजोबांनी हौसेनं टेप लावून घेतलेलं लग्नघरातलं गाणं. त्यानंतरच्या काळातल्या व्हीसीडी आणि डीव्हीडी आहेत. लग्नाच्या, बारशाच्या, गॅदरिंगच्या, आणि अकलूजच्या घरांत कदाचित लावणी स्पर्धेच्याही. नव्वदच्या दशकापासून आपल्या गावात राज्यस्तरीय लावणी स्पर्धा रंगली आणि महाराष्ट्रभरच्या पार्ट्या इथल्या मंचावर आल्या, हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

गंमत बघा. कॅसेटच्या फितीवरचं चुंबकीय पावडरीचं आवरण वर्षांगणिक सुटत जातं. घरी राइट केलेल्या सीडी-डीव्हीडीत रंगाचा एक थर असतो, लेझर त्या रंगावर खुणा करतो. ऊन, उष्णता आणि दमट हवा त्या रंगाला खाते. आपल्याकडचा मे महिना आणि पत्र्याखालचा माळा म्हणजे डिस्कच्या मरणाची सोयच. दुसरीकडे मशीनही चालली. आजच्या लॅपटॉपला डिस्कचा कप्पा नसतोच. सोनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्ल्यू-रे डिस्क बनवणंही थांबवलं. म्हणजे वस्तू झिजतेय आणि ती वाचणारं यंत्रही दुकानातून जातंय. दहा वर्षांनी 'बघू कधीतरी' म्हणायला काही उरणार नाही.

बिट, हर्ट्झ आणि चॅनेल

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, कॉमर्सवाल्यांनाही कळेल असं आहे.

१९८२ मध्ये सीडी आली. तिच्यात आवाजाचं माप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतात आणि प्रत्येक माप १६ बिटमध्ये लिहितात, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांच्या जिन्यावरची एक पायरी. चॅनेल दोन, डावं आणि उजवं. पुढे १९९९ मध्ये सोनी आणि फिलिप्सनं सुपर ऑडिओ सीडी काढली. तिची तऱ्हाच निराळी, माप फक्त एका बिटचं, पण सेकंदाला २८ लाख २२ हजार ४०० वेळा. पाठोपाठ डीव्हीडी-ऑडिओ आली. २४ बिट, सेकंदाला ९६,००० मापं, आणि एकाच वेळी सहा चॅनेल. २४ बिटच्या जिन्याला १ कोटी ६७ लाखांहून जास्त पायऱ्या असतात.

सहा चॅनेल म्हणजेच आपण ज्याला ५.१ म्हणतो ते. समोर डावा, मध्ये आणि उजवा, मागे डावा आणि उजवा, आणि ढुम्म आवाजासाठी एक वेगळा डबा. घरोघरी 'होम थिएटर' नावाचं जे खोकं आलं होतं त्यात हेच होतं. फक्त आपल्याकडे पाचही स्पीकर टीव्हीच्या शोकेसवर ओळीनं मांडायची पद्धत, त्यामुळे मागचा आवाजही पुढूनच यायचा! आजही कुणाच्या घरी गेलात तर बघा, मागचे दोन स्पीकर फुलदाणीच्या शेजारी उभे असतील.

या दोन्ही डिस्क बाजारात फारशा चालल्या नाहीत. एक तर एकमेकींशी भांडत बसल्या, आणि तोवर एमपी३ नं मैदान मारलं. शिवाय दोघींना कुलपं घातलेली. सुपर ऑडिओ सीडीचा तो खास थर कॉम्प्युटरच्या साध्या ड्राइव्हला दिसतच नाही. जगभरातल्या हौशी लोकांना तो वाचण्यासाठी सुरुवातीच्या काळातलं प्लेस्टेशन ३ आणि त्यातलं जुनं सॉफ्टवेअर शोधत फिरावं लागलं. पैसे देऊन घेतलेली डिस्क, पण तिच्यातला आवाज स्वतःच्या कॉम्प्युटरवर घ्यायला गेमचं मशीन लागावं, ही तऱ्हा. मालकी म्हणजे काय, हा प्रश्न ॲपच्या आधीपासूनचा आहे तो असा.

बिटचा नाद सोडा, चॅनेल धरा

इथं माझं मत जरा वेगळं आहे, आणि महागडे हेडफोन घेणाऱ्या मित्रांना ते रुचणार नाही.

'हाय-रिझोल्युशन' हा शब्द आज विकायचा माल झालाय. ॲपच्या जाहिरातीत, इअरबडच्या खोक्यावर, सगळीकडे सोनेरी शिक्का. पण माणसाचा कान साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि सीडीतली ४४,१०० मापं २२ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज पुरेपूर पकडतात. २००७ मध्ये अमेरिकेतल्या मेयर आणि मोरान या दोघांनी एक साधी परीक्षा घेतली. सुपर ऑडिओ सीडी आणि डीव्हीडी-ऑडिओचा आवाज एकदा तसाच ऐकवायचा, एकदा मध्ये सीडीच्या मापाची चाळण लावून. कुठला कुठला ते ओळखा. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी एवढंच झालं असतं. २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ रीस यांनी असे अठरा प्रयोग एकत्र मांडले, तेव्हा फरक ओळखणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्या किंचित वर, ५२ टक्क्यांच्या आसपास निघालं. फरक आहे, पण मुंगीच्या पावलाएवढा.

मग २४ बिट फुकट आहेत का? ऐकताना जवळपास हो, रेकॉर्ड करताना अजिबात नाही. लावणीत ढोलकीची थाप अचानक कडाडते आणि दुसऱ्याच क्षणी गायिका कुजबुजल्यासारखी ओळ सोडते. १६ बिटमध्ये आवाजाची पातळी अगदी काठावर ठेवावी लागते, जरा चुकलं की थाप फाटते. २४ बिटमध्ये वर भरपूर मोकळी जागा ठेवून निवांत रेकॉर्ड करता येतं. स्वयंपाकाला पातेलं मोठं घ्यावं, वाढताना वाटी पुरते, तसं.

आणि उलटंही लक्षात ठेवा. घरातल्या व्हीसीडीतला आवाज मुळातच २२४ किलोबिटवर दाबलेला असतो. तो २४ बिट, ९६ हजारांत 'कन्व्हर्ट' केला म्हणून सुधारत नाही. पातळ ताक मोठ्या पातेल्यात ओतलं म्हणून त्यावर लोणी येत नाही. फाइल फुगते, बाकी काही नाही. तसंच दोन चॅनेलचा आवाज सॉफ्टवेअरनं ताणून सहा केला की त्याला सराउंड म्हणू नका. स्पीकर पाच, आवाज तोच.

खरा फरक पडतो तो चॅनेलनं. कारण तो ओळखायला सोनेरी कान लागत नाहीत. आवाज मागून आला की मान आपोआप वळते. परीक्षा संपली.

रिंगण दोन स्पीकरमध्ये मावत नाही

तुम्ही अकलूजचे असाल तर हे मी समजावून सांगायला नको. आषाढात तुकोबांची पालखी सराटीला नीरेचं स्नान करून आपल्या जिल्ह्यात येते आणि अकलूजला माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण होतं. मध्ये पालखी, भोवती दिंड्या. आधी पताकावाले धावतात, मग तुळस डोक्यावर घेतलेल्या बाया, विणेकरी, टाळ-मृदंगवाले, आणि शेवटी अश्व. टापा डावीकडून येतात, पाठीमागून जातात, उजवीकडे निघतात. हजारो टाळ एका लयीत, पण प्रत्येक दिशेचा टाळ वेगळा ऐकू येतो. गर्दीचा जयघोष एका टोकाला उठतो आणि लाटेसारखा फिरत तुमच्यापर्यंत पोचतो.

आता यूट्यूबवरचा कुठलाही रिंगणाचा व्हिडिओ लावा, डोळे मिटा. काय ऐकू येतं? एक सपाट खळखळाट. त्यात वर्तुळ नाही. जे रिंगणाचं रिंगणपण, तेच नेमकं गेलं. फोननं चित्र ४के मध्ये काढलं, आणि आवाजाचा मात्र लगदा केला.

मल्टिचॅनेल ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली चैन आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा रिंगणात उभं राहावं. भोवताली आवाज असणं ही परदेशातून आलेली कल्पना नाही. आपलं भजन गोलात, फुगडी गोलात, गोंधळ घातला जातो तोही लोकांच्या मधोमध. दोन स्पीकर समोर ठेवून ऐकणं हेच खरं तर आपल्याला नवीन होतं.

'सैराट'चं उदाहरण घ्या. आर्ची साकारणारी रिंकू राजगुरू आपल्या अकलूजची, दिग्दर्शक नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले. २०१६ साली आलेल्या त्या सिनेमासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी ऑर्केस्ट्रा बसवून संगीत रेकॉर्ड केलं. एवढ्या लांब जाऊन, एवढ्या वादकांचा आवाज एका दालनात पकडण्याचा हट्ट कशासाठी? कारण दालनातली जागा, अंतर, दिशा हीसुद्धा संगीताचाच भाग असते. आणि आपण तेच संगीत वर्षभर कशावर ऐकलं? एका हातात धरलेल्या फोनच्या खालच्या भोकातून! करमाळ्याच्या गोष्टीसाठी लॉस एंजेलिसपर्यंत जाता येतं, मग माने विद्यालयाच्या मैदानावर चार माइक का लागत नाहीत?

लावणी कुणाची?

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. इथं 'भावा, पाठव की लिंक' एवढ्यावर भागत नाही.

लावणीचे व्हिडिओ आज खोऱ्यानं निघतात. त्यातल्या बहुतेकांत कॅमेरा कुठं असतो ते तुम्हीही बघितलंय. कंबरेवर. गाणाऱ्या बाईचा श्वास, पेटीची साथ, ढोलकीवाल्याचा जवाब, घुंगरांचं काम, हे सगळं स्पीकरच्या भोंग्यात आणि शिट्ट्यांत बुडून जातं. यमुनाबाई वाईकर १०२ वर्षं जगल्या, २०१८ मध्ये गेल्या. त्या बैठकीची लावणी बसून, चेहऱ्यानं आणि गळ्यानं अदा करणाऱ्या. सुलोचना चव्हाण २०२२ मध्ये गेल्या. त्यांना तर लोकांनी कानांनीच ओळखलं. या कलेचा जीव आवाजात आहे. आवाज नीट जपला नाही तर पुढच्या पोरांना लावणी म्हणजे फक्त पंधरा सेकंदांचा ठुमका एवढंच उरेल. म्हणून आवाज नोंदवणं हा मला कलाकाराला मान देण्याचा एक प्रकार वाटतो.

पण मान द्यायचा तर हक्कही मानायला हवा. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, २०१२ मध्ये त्यात मोठे बदल झाले. त्यातलं तुमच्या-माझ्या कामाचं एवढं : स्वतःच्या खासगी वापरासाठी, अभ्यासासाठी योग्य मर्यादेत केलेली नक्कल कलम ५२ खाली गुन्हा ठरत नाही. प्रत्यक्ष मंचावर गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलाकाराचा तिच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क असतो, आणि तो ५० वर्षं टिकतो. खासगी वापरासाठी किंवा खऱ्याखुऱ्या अभ्यासासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला सूट आहे. ते जगासमोर अपलोड करायला नाही. प्रकाशित ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षांचा. आणि कंपनीनं घातलेलं कुलूप दुसऱ्याचा हक्क मोडण्याच्या हेतूनं तोडलं, तर २०१२ पासून कलम ६५अ नुसार तोही गुन्हा आहे.

थोडक्यात, रेषा रिप करण्यावर नाही, वाटण्यावर आहे. घरातली डिस्क स्वतःसाठी उतरवून ठेवली तर कुणाचं काही जात नाही. तीच कुणाला न विचारता चॅनेलवर टाकून व्ह्यूज मिळवले तर ज्या बाईनं रात्रभर पाच-सहा किलोची घुंगरं बांधून घाम गाळला, तिच्या पदरात शून्य आणि तुमच्या खात्यात जाहिरातीचे पैसे. 'मी संस्कृती जपतोय' हे वाक्य तिथं चालत नाही. जपायचं असेल तर तिला विचारा, तिचं, साथीदारांचं नाव लिहा, आणि एक प्रत तिच्या हातात द्या. आयुष्यभर गाऊनही स्वतःचा आवाज नीट रेकॉर्ड झालेला नाही, अशी वेळ कलाकारावर येऊ नये.

करायचं कसं?

आता कामाचं बोलू. तीन टप्पे.

पहिला, उतरवणं. बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतो, चौघांत वर्गणी काढा. ऑडिओ सीडीसाठी 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते प्रत्येक तुकडा तपासून घेतं आणि जगभरातल्या इतरांच्या प्रतींशी ताडून तुमची प्रत बरोबर आली का ते सांगतं. लग्नाच्या डीव्हीडीला कुलूप नसतं, तिची फाइल जशीच्या तशी कॉपी करा, लगेच दुसऱ्या रूपात बदलू नका. कॅसेटसाठी चालू टेप लागेल. त्याचं हेड कापसानं आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा. लॅपटॉपचं माइकचं भोक बऱ्याचदा एकाच चॅनेलचं असतं, म्हणून छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस बरा. ऑडॅसिटी उघडा, २४ बिट निवडा, आणि बसा. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, इथं शॉर्टकट नाही. खरखर काढायचा मोह आवरा. मूळ प्रत खरखरीसकट ठेवा, साफसफाई दुसऱ्या प्रतीवर करा. उद्या याहून चांगलं सॉफ्टवेअर येईल, पण पुसलेला आवाज परत येणार नाही.

दुसरा, नवं रेकॉर्डिंग. चांगले माइक असतील तर उत्तम, नसतील तर चार मित्रांचे चार फोन. रेकॉर्डिंगचं ॲप असं घ्या की ज्यात डब्ल्यूएव्ही फाइल मिळते आणि आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सेटिंग बंद करता येते. चारही फोन एका जागी धरा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि एकदा जोरात टाळी वाजवा. मग फोन चार कोपऱ्यांत ठेवा. शेवटी पुन्हा एकत्र आणून दुसरी टाळी. टाळी एकत्र धरूनच का? आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. फोन पन्नास मीटर लांब असेल तर टाळी तिथं सेकंदाच्या सातव्या हिश्श्यानं उशिरा पोचणार, आणि तुमची जुळणीच चुकणार. शेवटची टाळी यासाठी की प्रत्येक फोनचं घड्याळ किंचित वेगळं चालतं, तो फरक दोन टाळ्यांमधून कळतो. आयोजकांची परवानगी आधी घ्या. आणि रिंगणात अश्वाच्या वाटेत फोन घेऊन जाऊ नका, फोनचं जाऊ द्या, पण वारकऱ्यांच्या पायात येऊ नका.

तिसरा, डिस्क बनवणं. ऑडॅसिटीत चार पट्ट्या टाळ्यांवर जुळवा आणि सहा चॅनेलची फाइल काढा. क्रम पाठ करून ठेवा : समोर डावा, समोर उजवा, मधला, ढुम्म, मागे डावा, मागे उजवा. क्रम चुकला की मागचा मृदंग गायकाच्या तोंडातून येतो! मुख्य प्रत एफएलएसी रूपात ठेवा. या रूपात आवाजाचा एक कणही न गमावता फाइल लहान होते आणि आठ चॅनेलपर्यंत चालतात. हिशेब सांगायचा तर सहा चॅनेल, २४ बिट, ९६ हजार असं रेकॉर्डिंग न दाबता ठेवलं तर मिनिटाला जवळपास १०४ एमबी, तासाला सव्वासहा जीबी होतं. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं. डीव्हीडी-ऑडिओ बनवायची असेल तर 'डीव्हीडीए-ऑथर' नावाचं मोफत साधन आहे, पण ती वाजवणारा खास प्लेअर लागतो. घरच्यांच्या प्लेअरवर वाजायला हवी असेल तर डॉल्बी डिजिटल ५.१ मध्ये साधी डीव्हीडी करा, कुठंही चालेल. चित्राच्या जागी कलाकारांची नावं, ठिकाण आणि तारीख लिहिलेली एक पाटी ठेवा.

आणि प्रती तीन. दोन वेगळ्या वस्तूंवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. पूर आला, फोन हरवला, हार्ड डिस्क पडली, तरी एक शिल्लक.

'पण ऐकणार कोण?'

हा प्रश्न येणारच. पाच स्पीकर कुणाकडे आहेत? डिस्क लावणार कोण? जमाना डॉल्बी ॲटमॉसचा आहे, ॲपल म्युझिकनं २०२१ मध्येच ते ॲपमध्ये आणलं, मग ही जुनी डोकेफोड कशाला?

पहिलं उत्तर, सहा चॅनेलची फाइल हाताशी असली की तिच्यातून हेडफोनसाठी दोन चॅनेलचं मिश्रण कधीही करता येतं. दोनाचे सहा मात्र करता येत नाहीत. आधी जास्त नोंदवा, नंतर कमी करा. दुसरं, डिस्क ही इथं पूजेची वस्तू नाही. ती संपली तरी हरकत नाही, फाइल दुसऱ्या पेटीत जाईल. पण डिस्क बनवताना तुम्हाला ठरवावं लागतं की काय ठेवायचं, कोणत्या क्रमानं, कुणाच्या नावानं. फोनच्या गॅलरीत पडलेल्या चारशे क्लिपांना कुणी असं विचारत नाही. तिसरं, ॲटमॉस चांगलंच आहे, पण त्यात आपल्या गावचं रिंगण कुणी आणून टाकणार नाही. मुंबईतल्या स्टुडिओला अकलूजची आठवण कशाला येईल?

मोठ्या संस्था आहेत. मुंबईत १९९० पासून जुन्या रेकॉर्ड गोळा करणाऱ्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' काम करते, गुरुग्रामला लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रणांचं संग्रहालय आहे. पण तुमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या कुठल्या पेटीत आहेत, हे त्यांना कसं कळणार? ते फक्त तुम्हाला माहीत आहे.

आमच्या मास कॉमच्या वर्गात 'कंटेंट' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा येतो. कंटेंट म्हणजे जे आज टाकायचं आणि उद्या विसरायचं. मला वाटतं, आपल्या वयात एखादी तरी गोष्ट अशी करावी जी उद्यासाठी असेल. लाइक मिळणार नाहीत. रात्र जागावी लागेल, टाळ्या जुळणार नाहीत, पहिली डिस्क प्लेअर बाहेर थुंकेल. तरी करा.

सुट्टी लागली की माळ्यावर चढा. जी पहिली कॅसेट हाती लागेल तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा, लिहिलेलं नसेल तर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा. आणि पुढच्या आषाढात तुकोबांची पालखी नीरा ओलांडेल तेव्हा चार मित्र, चार फोन आणि परवानगीची चिठ्ठी घेऊन मैदानावर थोडं लवकर पोचा. चार कोपरे आधीच बघून ठेवा.